निकालाच्या दिवशी साइट कुणी पाडली?

...आणि वर म्हणे, कौशिकनं साइट पाडली! अहो, पाडली कसली, रात्रंदिवस खपून उभी केली होती त्यानं! बारावीच्या निकालाची साइट, अंबत्तूरचं ऑफिस, तीन सर्व्हर, आणि त्यांच्यापुढे गर्दी वाटून देणारा लोड बॅलन्सर. देवळाच्या दारात 'तुम्ही या रांगेत, तुम्ही त्या रांगेत' करणारा माणूस असतो ना, तसा! त्याला कौशिकनं एकच नियम घालून दिला... इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून माणूस आला, त्या पत्त्याला दर वेळी त्याच सर्व्हरकडे धाड. उगाच हेलपाटे नकोत बिचाऱ्याला! आता यात कौशिकचं काय चुकलं, सांगा बघू?

निकाल लागला आणि पहिला सर्व्हर जो बसला, तो उठेचना! बाकीचे दोघे? निवांत! सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे! साहेब नारायणस्वामी धावत आले, "कौशिक, एन्न आच्चु? काय झालं? तीन सर्व्हर काय पूजेला मांडलेत?" त्यात मोबाइलवर त्याची लाडकी सरोजिनीमावशी. "अरे, ब्राउझिंग सेंटरात उभ्या आहोत, आमच्या ऊर्मीचा निकाल उघडेना! पोरगी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाही. तुझीच ना रे साइट?" हो मावशी... बघतो मावशी... एसी चालू, तरी शर्ट पाठीला चिकटलेला!

मग स्क्रीनवर येणाऱ्यांचे पत्ते बघता बघता त्यानं कपाळावर हात मारला. पत्ता एकच! तुम्हाला सांगतो, अर्ध्या शहरातली ब्राउझिंग सेंटरं एकाच इंटरनेट कंपनीची गिऱ्हाइकं, आणि त्या कंपनीनं मध्ये बसवलेला प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं बोलणारा मध्यस्थ! आत पोरं हजारो, बाहेर पत्ता एक. बॅलन्सरला वाटलं, हा एकच माणूस सारखा सारखा येतोय, धाडा पहिल्याकडे! आता यात त्या बॅलन्सरचं तरी काय चुकलं?

कौशिक म्हणाला, "सर, नियम बदलतो. जिथं गर्दी कमी, तिथं पाठवू." साहेब किंचाळले, "कै वैक्कादे! हात लावू नको! आहे तेही जाईल!" आता आहे काय, जायला? पण बोलणार कोण! साहेब हेड ऑफिसचा फोन घ्यायला वळले, आणि कौशिकनं श्वास रोखून नियम बदलला. अहो, ते दोन जावई लागले की कामाला! पानं भराभर उघडायला लागली! आणि साहेब फोनवर, "येस सर, मीच सांगितलं बदलायला!" ...असू दे. म्हणू दे.

कौशिकनं आधी मावशीला फोन लावला. "उघड आता!" पलीकडे टकटक... "दिसला?"

"दिसला रे." आवाज पार खाली गेलेला. "केमिस्ट्री राहिली."

"पुन्हा बसता येतं गं मावशी... ऊर्मीला दे ना फोन."

"रडतेय. देते मग." आणि अगदी हळू, "कौशिक, तुझे काका आत्ता फॅक्टरीतनं जेवायला येतील... त्यांचं जेवण होईपर्यंत साइट परत बंद पाडता येईल का रे?"