गल्लीच्या शेवटचा नळ

विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल! बास, मृदंगबुवा, बास. हात छान चाललाय तुमचा, पण आता जरा आमच्या तोंडालाही काम द्या.

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दिसायला सोपा आहे, उत्तर द्यायला अवघड. गाव बिघडलं, गाव बिघडलं म्हणून आपण उठता-बसता ओरडतो ना — मग ते बिघडवतं कोण?

हसू नका! सकाळपासून पाच घरी चहा झाला माझा. पाचही घरी कीर्तन चालू होतं, आणि ते मी करत नव्हतो! "महाराज, फाट्यावर अर्धा-अर्धा तास गाडी हलत नाही." "महाराज, रस्ता केला आणि आठ दिवसांत केबलसाठी खोदून ठेवला." "कचऱ्याची गाडी नुसती गाणी वाजवत जाते, थांबतच नाही." आणि एक काका तर म्हणाले, "कुठून कुठून माणसं आलीत हो, ओळखीचं एक तोंड दिसत नाही!" मी विचारलं, "आपण इथं कधी आलात?" म्हणाले, "आम्ही ना? दोन हजार सोळाला." वा रे वा! म्हणजे सतराला आला तो परका, आणि तुम्ही काय वेशीतल्या मारुतीबरोबर उगवलात? रागावू नका काका, तुम्ही समोरच बसलाय म्हणून म्हटलं.

तक्रार खोटी असते असं मी म्हणत नाही हं! तक्रार खरीच असते. पण कुणाची करायची, तिथं आपली गाडी घसरते. कशी घसरते, ते या गोष्टीत बघा.

करंजफाटा नावाचं एक गाव. गाव कसलं — फाटाच तो! एस.टी. थांबायची, एक वडापावची गाडी, एक पंक्चरवाला, संपलं. मग जवळ कारखाने आले. कारखान्यामागं माणसं आली, माणसांमागं बिल्डर आले — का बिल्डर आधी आले, देव जाणे! बघता बघता दहा-दहा मजली इमारती. आणि या फाट्यावर एक कॉलनी, स्नेहवर्धन कॉलनी. त्यातली गल्ली नंबर चार. तेवीस बंगले. बंगले म्हणायचं हो, दोन खोल्या खाली, दोन वर!

या गल्लीत घर नंबर तीनला राहायचे अच्युतराव बिडवे. निवृत्त हेडक्लार्क. माणूस सरळ, पैशाला चोख, पण हातात पेन आलं की अर्ज लिहिल्याशिवाय चैन नाही! खड्ड्याचा अर्ज, डासांचा अर्ज, डीजेचा अर्ज. त्यांच्या बायको सुलभाताई म्हणायच्या, "अहो, देवापुढं बसलात तरी 'विषय' आणि 'संदर्भ' लिहाल तुम्ही!"

आता या गल्लीचं दुखणं काय? पाणी! एक दिवसाआड, सकाळी साडेसहाला, पाऊण तास. आणि ते पाणी सोडणारा माणूस निवृत्ती खरात. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन सायकलवर यायचा, कोपऱ्यावरच्या खड्ड्यात ती चावी घालायची, अठरा फेरे फिरवायचे, की गल्लीला पाणी सुरू. गाव त्याला चावीवालाच म्हणायचं. नगरपरिषदेत सोळा वर्षं काम, पण कंत्राटावर. आज आहे, उद्या नाही!

पाणी कमी येतं, मग शिव्या कुणाला? चावीवाल्याला! "पलीकडच्या गल्लीला जास्त सोडतो." "उशिरा उघडतो, लवकर बंद करतो." आणि निवृत्ती बिचारा काय म्हणायचा? "साहेब, नळाला मोटरी लावल्यात ना, त्या बंद करा. पाणी शेवटपर्यंत जाईल."

झालं! लागला ना शब्द! "तू आम्हाला शिकवतोस? टॅक्स आम्ही भरतो!" एकदा अच्युतरावांनाच त्यानं हे तोंडावर सांगितलं आणि त्याच दुपारी अर्ज तयार झाला. 'सदर इसमास तात्काळ कामावरून कमी करावे.' अहो, पन्नाशी ओलांडलेला माणूस! सोळा वर्षं चावी फिरवण्यापलीकडं दुसरं काही केलं नाही. कोण ठेवणार होतं त्याला कामावर? पण अर्जाला पोट नसतं, म्हणून दुसऱ्याचं पोट दिसत नाही.

तीन दिवसांत बावीस घरांच्या सह्या. कुणी वाचलं का? छे! "कशाविरुद्ध आहे? पाण्याविरुद्ध? द्या इकडं!" राहिलं एक घर, गल्लीचं शेवटचं. गयाबाईंचं.

गल्ली शेवटाकडं जरा चढाची. तिथं गयाबाई, एकटीच विधवा बाई. चार घरी पोळ्या करायची. आणि लेक अर्चना बाळंतपणाला आलेली. बारा दिवसांचं बाळ! आता बाळंतिणीच्या घराला पाणी किती लागतं, ते इथल्या बायांना विचारा. पुरुषांना विचारू नका, ते म्हणतील एक बादली! आणि या घरात सात महिने नळाला थेंब नव्हता. बाई पोळ्यांची कामं उरकून चौकातल्या हातपंपावरनं हंडे वाहायची.

अच्युतरावांनी विचार केला, सगळ्यात जास्त सोसलंय ते हिनं. हिची सही पाहिजेच! आणि जायचं तेही पाण्याच्याच वेळेला. कोरडा नळ समोर असला की राग ताजा असतो. हुशार माणूस!

गुरुवारी सकाळी साडेसहाला अच्युतराव गयाबाईंच्या दारात हजर.

"गयाबाई, या चावीवाल्याला घालवायचंय. सही करा."

"करते की भाऊ. सात महिने झाले, लेकीला न्हाऊ घालायला पाणी न्हाई. मेल्याला जरा तरी लाज! पण मला लिहाया येत न्हाई. अंगठा चालंल का?"

"चालेल, चालेल! पॅड आणलंय." आणलेलंच! हेडक्लार्क ना!

बाईनं अंगठा शाईवर दाबला. आतल्या खोलीत पंखा चाललाय, खाटेवर लेक, कुशीत बाळ. बाईनं अंगठा उचलला, कागदावर नेला — आणि काय झालं? पंखा थांबला. लाईट गेली! बाळानं भोकाड पसरलं. आणि त्याच वेळी मोरीतला नळ खोकला!

खर्रर्र... फस्स्... आणि पाणी! धार, मंडळी, धार! अंगठ्याएवढी!

बाई ओरडलीच, "अगं बाई, आलं! अर्चे, पाणी आलं गं!" कसला अंगठा नि कसला अर्ज! धावली हंडा घेऊन. शाईचा निळा अंगठा हंड्याच्या काठावर उमटला. एक हंडा भरला, दुसरा भरला, घागर भरली, बाळाचं घंगाळ भरलं. बाई रडत होती आणि भरत होती. सात महिन्यांनी स्वतःच्या नळाचं पाणी! आपल्याला काय, नळ सोडून दात घासत उभे राहणारे आपण! आपल्याला नाही कळायचं ते रडणं.

अच्युतराव बाहेर आले. तरातरा कोपऱ्यावर गेले. निवृत्ती चावी टेकवून उभा होता.

"काय रे निवृत्ती! आज किती फेरे उघडलास? अर्जाची कुणकुण लागली वाटतं! आज बरं भरपूर सोडलंस!"

"अठराच की साहेब. रोजच्याएवढेच."

"मग शेवटच्या घरी पाणी कसं आलं?"

"लाईट गेलीया ना, साहेब."

एवढंच बोलला हो! पुढं एक अक्षर नाही. मी असतो तर पाऊण तास बोललो असतो!

अच्युतराव हुशार माणूस, पण हुशार माणसाला साधी गोष्ट उशिरा कळते. लाईट नाही, म्हणजे बावीस घरांच्या मोटरी बंद. कुणी ओढत नाही. मग पाणी आपल्या पायानं चालत गेलं शेवटपर्यंत! हे कळलं तरी मन मानेना. "योगायोग असेल," असं पुटपुटत परत गयाबाईंच्या दारात आले. अर्ज तिथंच राहिला होता ना! बाई पाचवा हंडा लावून बसली होती. म्हणाली, "भाऊ, च्या टाकते, बसा. आज पाण्याला तोटा न्हाई." सात महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात पाहुण्याला बस म्हटलं गेलं असेल.

आणि पंखा फिरला. लाईट आली!

खालच्या अंगानं एकेक मोटर सुरू झाली. घूंऽऽ... घूंऽऽ... अख्खी गल्ली घुमायला लागली. आणि त्या घुमण्यात, मंडळी, अच्युतरावांनी एक आवाज ओळखला. आपलं पोर शाळेच्या गर्दीत रडलं तरी आईला कळतं ना, तसा ओळखला. घर नंबर तीन! एक हॉर्सपॉवर! गल्लीत पहिली मोटर कुणी बसवली होती? अच्युतरावांनी! तेव्हा नऊच घरं होती, आणि पाणी आपोआप गच्चीवर चढायचं. घरं वाढली, दाब जरा कमी झाला, यांनी मोटर बसवली. मग शेजाऱ्याला पाणी पोचेना, त्यानं बसवली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. असं करत करत बावीस! आणि तेविसावीला मोटर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तिनं हंडे वाहिले.

गयाबाईंच्या नळाची धार बारीक झाली. करंगळीएवढी झाली. दोऱ्याएवढी झाली. मग नुसती हवा. अच्युतरावांच्या डोळ्यांदेखत बंद! पाचवा हंडा अर्धाच राहिला.

आणि ती बाई काय म्हणाली माहीत आहे? पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "केलंच बघा बंद त्या मेल्यानं. द्या भाऊ कागद. कुठं अंगठा करू?"

अहो, चोर समोर उभा आहे, आणि बाई त्याच्याच हातानं साव माणसाला फाशी द्यायला निघाली आहे! अच्युतरावांनी कागद मागं ओढला. म्हणाले, "नको, गयाबाई. अंगठा नको." कागदाची घडी केली आणि चहा न घेताच घरी आले. घरी सुलभाताई म्हणाल्या, "बरं झालं लाईट आली, टाकी भरत आलीय."

पण बावीस सह्यांचा तो अर्ज शेजाऱ्यांनी शुक्रवारीच नेऊन दिला, आणि सोमवारी नगरपरिषदेत सुनावणी. मुख्याधिकारी टेबलामागं. गल्लीतले पाचजण ताठ मानेनं खुर्च्यांवर. निवृत्ती दाराशी, टोपी हातात घेऊन. त्याला वाटतंय, आज आपला शेवटचा दिवस. आणि अच्युतराव आले बाजाराची मोठी पिशवी घेऊन. पिशवी जड, तिच्यातनं पाणी ठिबकतंय.

"बोला बिडवे. तक्रार कुणाविरुद्ध?"

अच्युतरावांनी पिशवीतनं मोटर काढली आणि धाडकन साहेबांच्या टेबलावर ठेवली. ग्रीस, गंज, पाणी — सगळं त्या बावीस सह्यांवर!

"अहो, हे काय?"

"पुरावा आहे, साहेब. तक्रार घर नंबर तीनविरुद्ध. नाव, अच्युत बिडवे. सहा वर्षांपूर्वी नळाला मोटर लावली, शेवटच्या घरचं पाणी पळवलं, आणि आळ घेतला या निवृत्तीवर. अर्ज माझा, अक्षर माझं, चूक माझी."

शेजारचे कानात कुजबुजले, "बिडवे, डोकं फिरलं का तुमचं?" साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "अजून कुणाकुणाच्या नळाला आहे?" पाचही जण छताकडं बघायला लागले. जणू पंख्याला किती पाती आहेत, ते मोजायला पाठवलं होतं त्यांना!

अर्ज तिथंच फाटला. निवृत्तीची नोकरी राहिली. अच्युतराव दाराशी गेले, त्याच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "मला माफ कर रे बाबा." निवृत्ती म्हणाला, "साहेब, मला काय करायचंय. त्या बाईचं बघा."

आता तुम्हाला वाटेल, गल्लीनं सगळ्या मोटरी काढल्या, पेढे वाटले. नाही हो! खोटं कशाला सांगू? पहिल्या खेपेला फक्त तिघांनी काढल्या. दोघं अच्युतरावांशी बोलायचे बंद झाले. अच्युतरावांच्या गच्चीवर पाणी चढेना. चौसष्टाव्या वर्षी हेडक्लार्क अंगणातनं बादल्या वाहायला लागले. पण दर पाण्याच्या दिवशी एकेका दारात जाऊन म्हणायचे, "आज एवढं बटण दाबू नका." लाज मोठी गोष्ट आहे, मंडळी! दोन महिन्यांत सोळा मोटरी बंद झाल्या. आणि गयाबाईंच्या नळाला पाणी पोचलं. करंगळीएवढंच, पण पोचलं. बाळ मोरीत पाटावर न्हायलं!

टाळ्या नकोत. थांबा! गोष्ट करंजफाट्याची झाली, आता इथली ऐका.

आज पहाटे मी तुमच्या या मंदिरामागं आंघोळीला गेलो. नळ सोडला, तर काय धार! मी म्हटलं, वा, देवाची कृपा! बाजूला बघितलं, तर कृपा दीड हॉर्सपॉवरची आहे! आंघोळ करून बाहेर पडतो, तर खालच्या वस्तीतली एक बाई रिकामी कळशी घेऊन उभी. नमस्कार केला आणि विचारलं तिनं मला, "महाराज, सप्ताह कधी संपणार? तो संपला की आमच्याकडं पाणी येईल ना?"

त्या पाण्यानं न्हाऊन, गंध लावून, मी तुमच्यापुढं हा बोध करत उभा आहे. घर नंबर तीन इथंही आहे, आणि त्यात मी राहतोय.

तर सप्ताह कमिटीचे अध्यक्षसाहेब, परवा काला आहे. मोटर उद्या सकाळी उतरवा. उतरली, तर हंडी मी फोडीन. नाही उतरली, तर माझं काल्याचं कीर्तन मी खाली, त्या बाईच्या दारात करीन, आणि ज्याला देव पाहिजे त्यानं तिकडं यावं. येताना कळशी भरून आणावी!

वाजवा मृदंग. आता मोठ्यानं नाव घ्या त्याचं, विठ्ठल विठ्ठल!