बाबांचा न्हावी

मरणाच्या आदल्या दिवशीही तिचे निवृत्त फौजदार बाबा न्हाव्याकडून हनुवटी कापून घेऊन आले, तेव्हा ती करवादली होती, "आता तरी न्हावी बदला!"

आज बाबांचा अंत्यविधी उरकून ती विद्युतदाहिनीबाहेर आली, तर बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"हवालदार, टोळीच्या बातम्या फौजदार साहेबांच्या कानात घालता याव्यात म्हणून मी न्हावी झालो."

"तरीच! वस्तरा धरता येत नव्हता तुला."

"अजून कुठे येतो?"

"मोठे साहेब टोळीचे मिंधे. खबऱ्याचं नाव सांग म्हणून आपल्या साहेबांच्या मानगुटीवर बसले होते. यांची बढती गेली, पण नाव नाही फुटलं."

"टोळी मोडली तरी साहेब दाढीला माझ्याकडेच यायचे. म्हटलं, साहेब, आता कशाला? तर म्हणाले, मी नाही आलो तर तुझ्याकडे येणार कोण?"

ती मागे वळली आणि दाहिनीच्या बंद दाराकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "बाबा, न्हावी बदलला नाहीत, फार बरं केलंत."