जीव त्या लॉकमध्ये

...आणि वर मलाच विचारतात, "एवढा वेळ कशाक लागता गो? इथलं उचलायचं, तिथे ठेवायचं." कॉम्प्युटर म्हणजे कपाट आहे का? पिंप आहे? तुम्हाला सांगते, या घरात कुणालाही काहीही समजावणं म्हणजे लालबागच्या गर्दीत उलटं चालण्यासारखं आहे, चालणारा दमतो आणि गर्दी म्हणते धक्का का मारतेस.

माझे पप्पा, जयवंत परब. जिन्याखाली एवढासा गाळा, त्यात कॉम्प्युटर, त्यावर लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, आणि सगळ्यात जास्त काय, तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे बोर्ड. आमच्याकडे माणूस गेला की आधी डॉक्टरला फोन, मग नातेवाइकांना, मग पप्पांना. काही घरांत नातेवाईक तिसरे. आणि पप्पांची पद्धत अशी की नवीन फाइल म्हणून कधी करायचीच नाही. आधी गेलेल्याची फाइल उघडायची, त्याचं नाव पुसायचं, नव्याचं टाकायचं, फोटो बदलायचा, सेव्ह. म्हणजे अख्खा विभाग एकाच फाइलमध्ये वारलाय. मी म्हटलं, पप्पा, निदान कॉपी तरी ठेवा. तर म्हणाले, "गेलेला माणूस परत बोर्ड करायला येत नाही."

हे सगळं चालायचं मराठी टायपिंगच्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर. मी शाळेत जायच्या आधीपासूनचं. त्याचे फॉन्ट वेगळे, त्याचा कीबोर्ड जगावेगळा, पण पप्पांची बोटं त्यावर अशी पळतात ना, की पत्रिका करायला आलेली माणसं मजकूर सांगायचा विसरून बोटांकडेच बघत बसतात. खाली बघणं नाही, थांबणं नाही. 'ज्ञ' कुठाय, 'क्ष' कुठाय, बोटांना ठाऊक. आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते, पप्पा म्हणतात हात तेच आलेत, फक्त सूत दिसत नाही.

पण कॉम्प्युटर म्हातारा झालेला. चालू केला की जिन्यावरच्या बायका म्हणायच्या, जयवंतभाऊंची गिरण सुरू झाली. म्हणून मी नवीन आणला, तूर्त घरी ठेवला. आणि इथे एंट्री होते शिवाकाकांची. रिटायर माणूस, आमच्या गाळ्यात फुकटचा पेपर वाचतो आणि सल्ला देतो. "एवढंच ना? इथलं उचलायचं, तिथे ठेवायचं." मी ऑफिसात, तर या दोघांनी माझी वाटसुद्धा बघितली नाही. स्क्रीनवरचं सॉफ्टवेअरचं चित्र पकडलं, पेनड्राइव्हमध्ये टाकलं, तिकडे नेऊन सोडलं. चित्र आलं. उघडेना. मग पप्पांचा मला फोन, "मनवा, तुझो कॉम्प्युटर खराब आसा."

मी समजावलं. म्हटलं, पप्पा, ती दारावरची पाटी आहे. तुम्ही 'परब' लिहिलेली पाटी काढून आणलीत, घर तिकडेच राहिलं. मागून शिवाकाका, "मग घर उचल."

आता घर उचलायचं तर सॉफ्टवेअरची मूळ सीडी हवी. कुठाय सीडी? कपाटात नाही, गाळ्यात नाही. सापडली कुठे माहितीये? आमच्याच खिडकीत, दोऱ्याला टांगलेली, कबुतरं येऊ नयेत म्हणून. आत्याचं काम. गंगुआत्या, पप्पांची मोठी बहीण, आमच्याकडेच असते. म्हणते, "चकचकीत होती मां, माका वाटला गाण्याची आसात." आणि कबुतरं? त्याच सीडीवर बसत होती. मी ती धुतली, पुसली, नवीन कॉम्प्युटरला सीडी घालायला भोकच नाही म्हणून ऑफिसमधून सीडीचा वेगळा डबा मागून आणला, आणि विश्वास ठेवा, कबुतरांची घाण खाऊनसुद्धा त्या सीडीवरनं सॉफ्टवेअर नवीन कॉम्प्युटरमध्ये चढलं. पूर्ण चढलं. शेवटी एकच ओळ आली, 'लॉक लावा.'

लॉक म्हणजे बोटाएवढी हिरवी कांडी असते, पेनड्राइव्हसारखी. ती मागे खुपसली तर सॉफ्टवेअर उघडतं, नाही तर नाही. चोरी होऊ नये म्हणून कंपनीनं दिलेली चावीच ती. ती होती जुन्या कॉम्प्युटरला, गाळ्यात. मी घरनं ऑफिसला निघता निघता फोनवर बजावलं, मराठीत बजावलं, "पप्पा, ते हिरवं लॉक काढून घरी आणा आणि जपून ठेवा. सगळा जीव त्याच्यातच आहे."

हेच चुकलं म्हणतात माझं. मी 'जीव' म्हणाले.

कारण फोन होता स्पीकरवर, आणि आत्या गाळ्यात डबा घेऊन आलेली. घरात नवीन यंत्र आलेलं, त्याची पूजा राहिलेली. संध्याकाळी मी घरी येते तर नवीन कॉम्प्युटरला हार, कीबोर्डवर अक्षता, एंटरवर कुंकू, इथपर्यंत ठीक आहे, मी काही बोलले नाही, मी आता बोलायचं सोडलंय. पण देवघरासमोर तांब्याच्या ताम्हनात आमचं हिरवं लॉक. न्हाऊन बसलेलं. दूध, दही, मध, साखर, तूप. पंचामृत. वर तुळशीचं पान.

मी म्हटलं, आत्या, हे काय केलंस?

"तूच सांगितलंस मां, जीव तेच्यातच आसा म्हणान. मगे जिवाक पारोसा ठेवतत?"

पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "पुसून लावू या."

पुसलं. तांदळात ठेवलं. केस वाळवायच्या मशीननं वाळवलं. नवीन कॉम्प्युटरला लावलं, नाही. गाळ्यात जाऊन जुन्याला लावलं, तिथेही नाही. म्हणजे नवीन घर उघडलंच नाही आणि जुन्याचीही चावी गेली. जुनी श्रद्धांजलीची फाइल दुसऱ्या कशात तरी उघडून बघितली, तर नावाच्या जागी डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेले इंग्रजी ए. शिवाकाका चष्मा लावून म्हणाले, "हा कोण गेला?"

मग कंपनीला फोन. मुलगी गोड बोलली, "सर, वो प्रॉडक्ट एंड ऑफ लाइफ हो गया है." पप्पांना 'लाइफ' आणि 'एंड' एवढंच कळलं. सवयीनं पेन उचललं आणि विचारलं, "कधी गेले? वय काय?"

मी हसले. नंतर नाही हसले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अभय आला.

अभय भोईवाड्याचा, पप्पांच्या ओळखीतला. त्याचे आजोबा, बुधाजीबाबा, गेलेले. उद्यावर पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम. म्हणाला, "काका, आमच्या कमळाआजीचा बोर्ड तुम्हीच केलेला. बाबांचा तसाच पाहिजे. ते स्वतः सांगून ठेवायचे, जयवंताकडूनच करा, त्याची अक्षरं मोडत नाहीत."

पप्पांनी "हो" म्हटलं. म्हटलंच. मी मागून हात करतेय, नाही म्हणा, आणि हा माणूस हो म्हणतो.

मी नवा कॉम्प्युटर घरून गाळ्यात आणला आणि त्यावर फुकटातला मराठी कीबोर्ड टाकला. पप्पा खुर्चीवर बसले. बोटं ठेवली. आणि बोटं पळाली, तशीच, नेहमीसारखी. 'कालकथित बुधाजी' म्हणून पळाली, आणि स्क्रीनवर आलं 'ढटफाणखु' असलं काहीतरी. पुसलं. परत पळाली. परत तेच. मग पप्पांनी मान खाली घातली आणि एका बोटानं 'क' शोधायला लागले. तुम्हाला सांगते, मी या माणसाला कीबोर्डकडे बघताना जन्मात पहिल्यांदा बघितलं. देवळाच्या पायऱ्यांवर हरवलेली चप्पल शोधतात ना, तसं. शिवाकाकांनी पेपर तोंडासमोर धरला. अभय उगाच मोबाइल बघत राहिला.

मग पप्पा उठले. उठले, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले.

खुर्चीवर मी. मी काय, इंग्रजी अक्षरं मारते, मराठी येतं. पप्पा स्टुलावरून, "इंग्रजीतून मराठी लिहितेस? मग मधल्या वाटेत बाबा इंग्रज होणार काय?" मी म्हटलं, पप्पा, तुम्ही मजकूर सांगा. "कालकथित. कै. नाही घालायचं. थ. थडग्यातला थ." मी म्हटलं, पप्पा! "बरं, थव्यातला." असा बोर्ड झाला. अभयनं बघितला, हात जोडले, छान झालाय म्हणाला. पण जाताना पप्पांकडे बघितलं नाही त्यानं. मला ते लागलं. आणि मला काही लागलं की मी ओरडते, म्हणून मी आत्याला ओरडले, शिवाकाकांना ओरडले, कबुतरांना ओरडले.

आता रोजचं झालंय. ऑफिस सुटलं की गाळा. मी खुर्चीवर, पप्पा स्टुलावर. शिवाकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "इथलं उचलून तिथे ठेवायचं होतं, हिनं सगळं बिघडवलं." हिनं! म्हणजे मी!

परवा मी पोचले तर गाळ्यात शिवाकाका नाहीत. रागावून घरी गेलेले. आणि पप्पा खुर्चीवर. म्हणजे दुपारभर माझ्या पाठीमागे सराव चाललेला. आता सराव कशावर करणार? नव्या कॉम्प्युटरवर एकच फाइल, तीच काळी चौकट, पणती, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आधी समोर बसलेल्या शिवाकाकांचं नाव मारलं. वेलांटी गळली. 'शवा' आलं. माणूस चहा टाकून गेला.

"शिवाला वेलांटी लागते," पप्पा म्हणाले, "वेलांटी अजून बोटात बसत नाही. म्हणून सोपं नाव घेतलं. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, रफार नाही. बघ, खाली न बघता केलं."

मी बघितलं. चौकटीत, फुलांच्या मधोमध, एकही अक्षर न मोडलेलं... मनवा जयवंत परब.

किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला दिसला म्हणून सांगू. आता यावर मी काय भांडणार? म्हटलं, छान आलंय, पप्पा. फोटो तेवढा बरा लावा.