स्वस्त युरोप सहल आणि तिसरा पासपोर्ट

जबाब
दिनांक ०६/१०/२०२५

मी, भाईदास उत्तम चौधरी, वय ६२ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त (सहकारी साखर कारखान्यात काटा लिपिक), राहणार रनाळे, ता. जि. नंदुरबार, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी वत्सलाबाई, वय ५७, हिच्यासह राहतो. घरात तिसरे कोणी नाही. आम्हाला भाविका नावाची एकच मुलगी होती. ती सुरत येथे फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना दिनांक १४/०८/२०१९ रोजी डेंग्यूने वारली. मृत्यूचा दाखला सुरतचा आहे. रेशनकार्डवर तिचे नाव अद्याप आहे. ते कमी करण्यासाठी मी तीन वेळा घरून निघालो होतो.

कुंदन रामदास पाटील हा नंदुरबार येथे ‘तापीकाठ हॉलिडेज’ नावाने सहलींचे ऑफिस चालवतो. त्याचे वडील कारखान्यात माझ्यासोबत होते, म्हणून तो मला काका म्हणतो. या वर्षी मे महिन्यात पत्नीने मला मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. कमी खर्चात युरोपातली दोन शहरे, प्राग आणि बुडापेस्ट, असा तो व्हिडिओ होता. पत्नी म्हणाली, “आपण जाऊत का?” सहा वर्षांत तिने कुठे जाऊ असे म्हटले नव्हते. मी दुसऱ्याच दिवशी कुंदनच्या ऑफिसला गेलो.

त्याने सांगितलेला खर्च इतर ठिकाणी विचारला त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त होता. मला संशय आला. एवढे स्वस्त कसे, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला की, हॉटेलऐवजी हॉस्टेलमध्ये राहायचे, तिथे स्वयंपाकघर असते, आपला तांदूळ-डाळ आपण शिजवायची. टॅक्सी करायची नाही, दिवसाचा पास काढून ट्राममध्ये बसायचे. एका शहरातून दुसऱ्या शहरात बसने जायचे. किल्ले, चर्च बाहेरून पाहायला तिकीट नसते. “आनि काका, पित्तरमा गर्दी ऱ्हास नही. तिकीट सस्तं भेटस.” पितृपक्षात प्रवास नको असे आमच्यात मानतात, म्हणून पत्नीने एकदाच विचारले, “पित्तरमा जावानं?” नंतर तीच म्हणाली की जाऊ. पुढे प्रत्यक्षात हॉस्टेल, पास, बस हे सर्व त्याने सांगितले तसेच निघाले. त्यामुळे बाकीचेही खरे असेल असे मला वाटत राहिले.

कागदपत्रांसाठी कुंदन जून महिन्यात आमच्या घरी आला. व्हिसासाठी पूर्ण कुटुंब दाखवावे लागते असे सांगून त्याने मूळ रेशनकार्ड नेले. जुनी कागदपत्रे असतील तर तीही द्या म्हणाला. पत्नीने आतल्या कपाटातून भाविकाची फाईल आणून त्याला दिली. त्यात तिचा जन्मदाखला, आधारकार्ड व शाळा सोडल्याचा दाखला होता. मी तेव्हा ओट्यावर होतो. फाईल पंधरा दिवसांनी परत आली. पत्नीने ती का दिली हे मी तिला विचारलेले नाही.

मुंबईच्या व्हिसा केंद्रावर आम्हा दोघांचे ठसे व फोटो झाले. कुंदनने खुणा केलेल्या जागी मी सह्या केल्या. आमच्यासोबत तेव्हा कोणतीही मुलगी नव्हती. आमच्याच फाईलमध्ये तिसरा अर्ज होता हे मला आता कळते.

दिनांक ०९/०९/२०२५ रोजी सकाळी नंदुरबार रेल्वे स्टेशनवर कुंदनसोबत एक मुलगी उभी होती. कुंदन म्हणाला, “ही प्रतिभा. एकली शे, तुम्हना सोबत येई.” मुलगी अंदाजे बावीस-तेवीस वर्षांची, सावळी, अंगाने बारीक. नमस्कार करून ती बाजूला उभी राहिली. तिच्याजवळ आमच्या दोघांच्या मिळून होती त्यापेक्षा मोठी बॅग होती आणि हातात थंडीचा जाड कोट, दुकानाची चिठ्ठी न काढलेला. आठ दिवसांच्या सहलीला एवढे सामान कशाला, असे माझ्या मनात आले. सर्वांचे पासपोर्ट कुंदनच्या खांद्यावरच्या बॅगेत होते; भारतातून निघतानाही त्याने ते तपासणीपुरतेच हातात दिले व लगेच परत घेतले.

दिनांक १० रोजी दुपारी आम्ही प्राग विमानतळावर उतरलो. तपासणीच्या रांगेत कुंदनने आमच्या हातात पासपोर्ट दिले व तो स्वतः दुसऱ्या रांगेत गेला. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने आम्हा तिघांना एकत्र बोलावले. फॅमिली का, असे त्याने इंग्रजीत विचारले. मी काही बोलण्यापूर्वी ती मुलगी म्हणाली, “येस. फादर, मदर.” अधिकाऱ्याने तिच्या पासपोर्टमध्ये पाहून “भाविका?” असे विचारले. ती म्हणाली, “येस.”

पत्नीचा हात माझ्या बाहीवर होता. तो तिने काढला नाही. शिक्के पडले आणि आम्ही पुढे गेलो. मला विचारण्यात आले की, त्याच वेळी अधिकाऱ्याला खरे का सांगितले नाही. त्याला माझे उत्तर असे की, मला त्या वेळी काही सुचले नाही.

बाहेर आल्यावर मी कुंदनला विचारले की, त्या अधिकाऱ्याने तिला भाविका का म्हटले. कुंदन हसून म्हणाला, “काका, त्यासना उच्चार तसा शे. तुम्हले तसं ऐकू उनं व्हई.” त्याने लगेच पासपोर्ट गोळा करून बॅगेत टाकले. प्रतिभा या नावाचा उच्चार भाविका कसा होतो, हे मी विचारले नाही. पण तेव्हापासून मी त्या बॅगेवर लक्ष ठेवले.

प्राग येथे आम्ही दोन दिवस होतो. पासवर ट्राममध्ये बसून नदी, पूल, चढावरचा किल्ला पाहिला. गाव स्वच्छ आहे. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पत्नीने खिचडी केली. ती मुलगी आधी नको म्हणाली. पत्नी म्हणाली, “जेवी ले माय.” मग तिने दोनदा वाढून घेतले व सर्व भांडी घासली. आमच्याशी ती स्वतःहून बोलत नव्हती. आम्ही काही विचारले की आधी कुंदनकडे पाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी तिची वेणी घालत होती. ते पाहून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्याच सकाळी, दिनांक ११ रोजी आठच्या सुमारास, कुंदन आंघोळीला गेला असता मी त्याची बॅग उघडली. तिसऱ्या पासपोर्टवर फोटो त्या मुलीचा होता. नाव भाविका भाईदास चौधरी. वडिलांच्या जागी माझे नाव, आईच्या जागी पत्नीचे. जन्मतारीख ०३/०२/१९९९. ती बरोबर होती. मी मोबाईलवर त्याचे दोन फोटो काढले. ते मी हजर करीत आहे.

फाईल पत्नीने स्वतःच्या हाताने दिली होती. त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठपासून अंदाजे दहापर्यंत मला माझ्या पत्नीचाही संशय आला. तिला हे सर्व आधीपासून ठाऊक असावे असे मला वाटले. हे लिहून घ्यावे.

दहाच्या सुमारास कुंदन बसची तिकिटे आणायला गेला. ट्रामच्या थांब्यावर आम्ही तिघेच होतो. मी मोबाईलमधला फोटो आधी पत्नीला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला. पुन्हा पाहिला. मग ती खाली बसली. त्यावरून माझा तिच्यावरचा संशय गेला.

पत्नीने त्या मुलीला विचारले, “तुन्हं खरं नाव काय शे, माय?” मुलगी म्हणाली, “तुम्हाला माहीत नाही?” पत्नी म्हणाली, “माले काय माहीत व्हई?” मुलगी म्हणाली, “कुंदनदादा बोलले, काकूंनी स्वतः कागद दिले. काका-काकूंना सर्व माहीत आहे, ते आपल्यातलेच आहेत. त्यांच्याशी जास्त बोलू नको, पुढच्या माणसाला सांगतील.” म्हणजे दोन दिवस आम्ही तिच्यावर संशय घेत होतो आणि ती आम्हाला भीत होती.

तिने सांगितले की, तिचे नाव प्रतिभा दिवाल्या वळवी असून ती खांडबाऱ्याजवळच्या गावची आहे व नर्सिंगचा कोर्स झालेली आहे. बुडापेस्टला म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचे काम आहे, एकट्या मुलीला व्हिसा मिळत नाही, म्हणून दुसऱ्या नावाने जावे लागेल, तिथे पोहोचल्यावर नाव बदलून मिळते, असे कुंदनने तिच्या घरी जाऊन सांगितले होते. कामाचा पत्ता तिला माहीत नव्हता. ते नाव कोणाचे आहे, असे तिने विचारले होते. कुंदनने ‘असंच एक’ असे उत्तर दिले. भाविका कोण होती हे पत्नीने तिला तिथेच सांगितले. मुलगी खूप रडली. पत्नी रडली नाही.

पासपोर्ट व तिकिटे कुंदनजवळ होती आणि तिथली भाषा आम्हाला येत नव्हती, म्हणून त्याला काही कळू न देता दिनांक १२ रोजी आम्ही बसने निघालो. वाटेत व्हिएन्ना येथे बस बदलायची असल्याने पाच तास मिळाले. तिथे बागेत बसलो होतो. मुलगी पत्नीला चिकटून बसली होती आणि कुंदन तिच्याकडे वारंवार पाहत होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, पोरगी काही बोलनी का?” मी म्हणालो, “काहीच बोलत नाही बिचारी.” हे मी त्याच्याशी खोटे बोललो. संध्याकाळी बुडापेस्टला पोहोचलो.

दिनांक १३ रोजी, शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास कुंदन आम्हाला नदीजवळच्या मोठ्या बाजारात घेऊन गेला. छप्पर असलेला बाजार आहे, आत मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. प्रतिभाला त्याने तिची मोठी बॅग सोबत घ्यायला लावली. बाजाराच्या दारात राखाडी गाडीतून एक माणूस उतरला. वय अंदाजे चाळीस, डोक्यावर टोपी, हिंदी बोलत होता. त्याने कुंदनला नमस्कार केला नाही. मुलीला म्हणाला, “फोन दे दो और बैठो.” कुंदनने आपल्या बॅगेतून तिचा पासपोर्ट काढला.

त्या वेळी पत्नीने मुलीचे मनगट धरले. कुंदन म्हणाला, “काकू, सोडा. कामवर जाई ऱ्हायनी ती.” पत्नी म्हणाली, “पासपोर्टवर काय लिखेल शे? वाच.” कुंदनने पासपोर्ट मिटला. पत्नी मोठ्याने म्हणाली, “मन्ही पोर लिखेल शे ना? तूच लिखेल शे ना? मंग मी हिले सोडाव नही.”

टोपीवाल्या माणसाने मुलीचा दुसरा हात ओढला. पत्नी तशीच जमिनीवर बसली आणि ओरडू लागली. तिला मी तसे ओरडताना पूर्वी ऐकलेले नाही. सुरतच्या दवाखान्यातही नाही. मी त्या माणसाच्या आणि गाडीच्या मध्ये उभा राहिलो. मिरच्या विकणारी एक बाई काउंटर सोडून आली, मग बाजाराचा रखवालदार आला. तो माणूस गाडी घेऊन निघून गेला. गाडीचा नंबर मला पूर्ण वाचता आला नाही, हा दोष माझा आहे. कुंदनने पासपोर्टसह बॅग तिथेच टाकली व समोरच्या ट्राममध्ये चढला. त्यानंतर मी त्याला पाहिलेले नाही.

तिथल्या पोलिसांनी फोनवर हिंदी दुभाष्या दिला. त्यांनी पत्नीला विचारले की, ही मुलगी तुमची कोण. पत्नीने सांगितले, मुलगी. मी ते त्या वेळी दुरुस्त केले नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन खरे सांगितले. तिथल्या नोंदीत पत्नीचे पहिले सांगणे आहे, व त्यावरून आम्ही दोघे कुंदनला सामील असल्याचा संशय येऊ शकतो, हे मला आज समजावून सांगण्यात आले. मला ते समजले. पत्नीने त्या सर्व दिवसांत मुलीला भाविका या नावाने एकदाही हाक मारली नाही, एवढे मी सांगू शकतो.

सोमवारी आम्ही भारतीय दूतावासात गेलो. प्रतिभाचे खरे कागद तिच्या वडिलांनी गावाहून मोबाईलवर पाठवले. दिनांक १८ रोजी तिला तिच्या नावाचा परतीचा कागद मिळाला. आमची तिकिटे तोवर बुडाली होती. आम्ही तिघे दिनांक २१ रोजी नंदुरबारला परत आलो. स्टेशनवर तिचे वडील दिवाल्या व आई जसोदाबाई आले होते. जसोदाबाई माझ्या पत्नीच्या पाया पडू लागली, पत्नीने तिला उठवले. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग ते लोक खांडबाऱ्याच्या गाडीने गेले.

दिनांक २८/०९/२०२५ रोजी दुपारी मला अनोळखी नंबरवरून कुंदनचा फोन आला. तो म्हणाला, “काका, सह्या तुम्ही बी करेल शेतस. मी एकलाच मझार जावाव नही.” मझार म्हणजे आत, तुरुंगात. मी म्हणालो, “बरं.” तो नंबर मी दिलेला आहे. त्यानंतरही मी तक्रार द्यायला आलो आहे. माझ्या सह्यांची चौकशी व्हावी. कुंदन हा याआधीही म्हातारी जोडपी घेऊन तीन वेळा गेला होता, असे त्याच्याच व्हिडिओत आहे. त्या प्रत्येक वेळी परत किती जण आले, हे पाहावे.

पत्नी वत्सलाबाई बाहेर बाकावर बसलेली आहे. तिचा जबाब वेगळा घ्यावा. बाजारातली हकीकत ती माझ्यापेक्षा नीट सांगेल. मात्र प्रतिभा आपली मुलगी नाही, आपली मुलगी वारलेली आहे, असे तिच्याकडून वदवून घेणे कायद्याने जरुरीचे असल्यास ते घ्यावे. त्या वेळी मला खोलीबाहेर थांबू द्यावे, एवढी विनंती आहे.

माझा हा जबाब मी सांगेन तसा संगणकावर घेतला असून तो मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला आहे. अहिराणीत झालेली बोलणी होती तशीच ठेवली आहेत. त्यात माझ्या म्हणण्याखेरीज काही नाही व माझ्या म्हणण्यातले काही सुटलेले नाही.

जबाब देणार
भाईदास उत्तम चौधरी
(सही)