रबरी माशांची छत्री

नाही नाही, त्याला हात लावू नका — माझं नाहीये ते, मुलाचं आहे. तो कॉफी आणायला गेलाय, मला म्हणाला, बाबा, रॉड सांभाळा. आता सांभाळायचं म्हणजे काय करायचं ते काही सांगितलं नाही, म्हणून मी नुसता त्याच्याकडे बघत बसलोय. बसा ना तुम्ही. मघाशी तुमची दोरी गवतात अडकली तेव्हा तुम्ही जे बोललात ना, ते ऐकून कान निवले माझे — शिवी का असेना, अस्सल मराठी! घरी नात मला म्हणते, "आजोबा, कॅनॉट ला" — म्हणजे इथल्या इंग्रजीत, नाही जमणार!

हे होय? याला म्हणे अंब्रेला रिग म्हणतात. वाऱ्यानं छत्रीचं कापड उडून जावं आणि हातात नुसत्या काड्या राहाव्यात, तसं. पाच काड्या, प्रत्येकीच्या टोकाला एक रबरी मासा. जिवंत आमिष इथे चालत नाही, सगळं खोटंच लागतं. पाण्यातून ओढलं की बास माशाला वाटतं, लहान माशांचं अख्खं कुटुंब चाललंय. खरा गळ मात्र एकट्या मधल्याच्या पोटात — बाकीचे चार नुसते सोबतीला. मी विचारलं, एका माशासाठी एवढी वरात कशाला? तर म्हणे, बाबा, एकट्या माशाचा बासला संशय येतो. आणि एवढं करून लागलाच, तर फोटो काढून परत पाण्यात सोडायचा! आमच्या पाटबंधारे खात्यात उमेदवारांचं असंच करायचे — बोलावायचं, उजेडात धरायचं, नि परत सोडायचं. पण इथे अजून लागलाच नाही एकही. हे धूड असं धपकन पाण्यात पडतं, की या सेलेटार तलावातले सगळे मासे पलीकडच्या काठाला जाऊन बसतात.

रजा? हो, रजेवरच आहे तो. म्हणजे — कंपनीनंच दिलीय. महिनाअखेरपर्यंत पगार घ्या, पण ऑफिसात पाऊल टाकू नका. नाव बघा काय सुंदर ठेवलंय — गार्डन लीव्ह. बाग नाही, काही नाही. हे मी तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. पण तुम्ही बोटीवरचे इंजिनिअर म्हणालात ना, आज ना उद्या समुद्रात जाणार, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?

सूनबाईंना ठाऊक नाही. इस्त्रीचा शर्ट घालतो, लॅपटॉपची बॅग घेतो, निघतो. एकदा ती बॅग उचलून बाजूला ठेवायला गेलो, तर आत लॅपटॉपऐवजी ही छत्री — गळ अंगठ्यात घुसला माझ्या. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तेव्हाच सगळं उघडं पडलं असतं, बरं झालं असतं. तेव्हापासून मलाही बरोबर आणतो. सूनबाई समजते, म्हातारा लायब्ररीत जातो. मग संध्याकाळी मी तिला न वाचलेल्या पुस्तकांच्या गोष्टी सांगतो — रंगतात हो, वाचलेल्यांपेक्षा जास्त. पण महिना संपला की नोकरी संपली, नोकरीवर मिळालेला इथे राहायचा पास रद्द, पास रद्द म्हणजे गाशा गुंडाळून मायदेशी. आणि ती बिचारी शनिवारी बिशानच्या नव्या फ्लॅटच्या करारावर सही करायला निघालीय — दोन वर्षांचा करार! मुलीला शाळा जवळ पडेल म्हणून. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, मला विचारते. मी म्हणतो, निळे घे. दुसरं काय म्हणू? याला रोज सांगतो, प्रतीक, आज बोल तिच्याशी. तर म्हणतो, एक मासा लागू दे बाबा, मग बोलतो. शिकला-सवरलेला माणूस! काल म्हटलं, नाहीतर मीच सांगतो तन्वीला — तर रडायलाच लागला, इथे, लोकांसमोर. चाळिशीच्या मुलाला गप्प कसं करतात हो? लहान होता तेव्हा खांद्यावर घेऊन फिरवायचो.

काय? हो, प्रतीकच. टॅम्पिनीसलाच राहतो — तुम्हाला कसं — तुमची मिसेस? कोण स्मिता? रविवारच्या मराठी वर्गात तन्वीबरोबर शिकवतात, त्या स्मिताताई?

अहो, टॅम्पिनीस सोडून इतक्या लांब येतो तो, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून! आणि मी — दोन शब्द मराठी कानावर पडले, की झालं. नाही, तुम्ही कोणाला सांगणार नाही, दिसतंय मला. स्मिताताईंनाही नाही ना? पण त्या विचारतील, आज कोण भेटलं — नाही, सांगाच त्यांना. शनिवारच्या आत सांगा, निदान ती सही तरी — नको, नको. नवऱ्याच्या तोंडून कळू दे तिला, वर्गात पोरांसमोर नको. तुम्हीच सांगा, काय करू मी?

आला तो. दोन्ही हातांत कॉफी आहे. तुम्हाला ओळखतो का? — थबकला. ओळखलंन. उठू नका! आता उठलात तर सगळं कळेल त्याला. बसून राहा, आणि काहीतरी बोला. माशांबद्दल बोला. अहो, बोला ना.