आवाज बंद

दाढदुखीनं बेजार झालेली संयोगिता दवाखान्यात नंबराची वाट बघत होती. शेजारचे दोन म्हातारे इतक्या तावातावानं बोलत होते, की ती दाढ विसरली.

“अण्णाप्पा, फोनवरनं पैसे पाठवायच्या त्या कंपनीचा शेअर निम्म्यावर आला. काल मोबाईलवर त्यांची वार्षिक सभा हुती. मी जाब इचारला.”

“मग काय म्हणाले, हंबीरराव?”

“माझा आवाजच बंद केला की! साखर कारखान्याच्या सभेत मी चेअरमनच्या हातातला माईक काढून घेतलाय. हितं घरात एकटाच बोंबलत बसलो!”

“इकून टाका की सगळे शेअर.”

“इकले. एक ठेवलाय.”

“एक कशाला?”

“पुढच्या सभेचं बोलावणं मला धाडायलाच लागतंय न्हवं त्यांना!”