चाळीस व्हायोलिनं आणि एक खोकला

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका गाल धरून बसले होते. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, तुझ्या लेकानं परदेशात केलेली गाणी ऐकली गं! चाळीस व्हायोलिनं! डोळ्यांपुढे सिनेमाच उभा राहतो.”

“मला मेलीला त्यात त्याचा खोकला ऐकू आला.”

“खोकला?”

“शेवटच्या गाण्यात सगळे वाजवायचे थांबतात ना, तिथे. चुकून राहिलाय. आठवडाभर घशाखाली घास उतरला नाही. एकटा जीव, कोण बघणार त्याच्याकडे?”

“मग फोन करायचास.”

“केला की. म्हणाला, बरा आहे. तापानं फणफणला तरी हेच म्हणतो. काल पुन्हा नीट कान देऊन ऐकलं. खोकल्यामागून एक बाई त्याच्यावर ओरडते, त्यांच्या भाषेत. मग हा गटागट पाणी पितो.”

शिंपीकाकांचा नंबर पुकारला. ते उठेनात.

“काय ओरडते गं, ताई?”

“मला काय कळतंय! पण सूर अगदी माझाच. काल पोटभर जेवले बघ.”